ढोरांचा डॉक्टर समजतो, कुत्र्या-मांजरांचा कशाला?

भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. घाटंजी तालुक्यातलं गाव, कोरडवाहू शेती, मुलगी बारावी सायन्सला. गेल्या खरिपात पऱ्हाटीवर फवारा चालू असताना घरचा कुत्रा विषबाधेने गेला, तालुक्याला नेता नेता गाडीतच. तेव्हापासून पोरगी म्हणते, कुत्र्या-मांजरांच्या इमर्जन्सीचीच डॉक्टर होईन. तुमचं म्हणणं, ढोरांचा डॉक्टर समजू शकतो, पण गावात कुत्र्यासाठी पैसे कोण देणार? आणि पत्राच्या शेवटी तिने स्वतः एक ओळ लिहिली आहे : ‘सर, तो वाचला असता का?’

आधी तिला उत्तर देतो. कदाचित वाचला असता. किती विष पोटात गेलं आणि किती वेळ गेला, यावर ते असतं. फवारणीच्या बऱ्याच औषधांनी तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंग थरथरतं आणि फुप्फुसात पाणी साचून जीव गुदमरतो. अशा वेळी ऑक्सिजन लावायचा आणि ॲट्रोपिन हे विषावरचं औषध सुरू करायचं. डोस पुरला की नाही हे बाहुलीवरून ठरवत नाहीत. छातीला स्टेथोस्कोप लावून घरघर थांबली का ते ऐकतात. थरथर ॲट्रोपिनने जात नाही, त्याला वेगळं औषध लागतं. गावात अशा वेळी मीठपाणी किंवा ताक पाजतात. झटके येणाऱ्या जनावराच्या ते श्वासनलिकेत उतरतं, म्हणून काही न पाजता गाडी काढणं बरं. बेटा, तेव्हा तुला हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

भाऊ, आता तुमचं. ढोरांचा आणि कुत्र्यांचा डॉक्टर असे दोन रस्ते बारावीनंतर फुटतच नाहीत. पशुवैद्यकाची पदवी एकच, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. गाय, बकरी, कोंबडी, कुत्रा, मांजर सगळं त्यातच शिकवतात. तेव्हा आज घरात यावरून वाद घालण्याची गरज नाही. तुम्हाला सोयीचं कॉलेज नागपूरचं, सेमिनरी हिल्सवरचं, 1958 सालापासूनचं. ते माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे येतं. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, पण त्यासाठी माफसूचा अर्ज वेगळा भरावा लागतो. एमबीबीएसच्या यादीची वाट बघत बसलेली मुलं नेमकी इथे चुकतात.

कुत्र्या-मांजरांकडे वळायचं ते पदवीनंतर. दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी., म्हणजे पुढची पदवी, मेडिसिन किंवा सर्जरीत करायचं आणि मग रात्रपाळी चालणाऱ्या मोठ्या दवाखान्यात हात बसवायचा. अमेरिकेत जनावरांची इमर्जन्सी ही 1989 पासून स्वतंत्र स्पेशालिटी आहे. हृदय थांबलेल्या कुत्र्या-मांजराची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावी, असे नियम तिथल्या ‘रिकव्हर’ गटाने 2012 मध्ये घालून दिले आणि 2024 मध्ये सुधारले. ते आपल्याकडच्या डॉक्टरांनाही शिकता येतात.

पैशाचं स्पष्ट सांगतो. फक्त कुत्र्या-मांजरांच्या इमर्जन्सीवर तालुक्याच्या गावात दवाखाना चालणार नाही. व्हेंटिलेटर, रक्ततपासणीची यंत्रं, रात्रभर जागणारी माणसं, एवढा खर्च नागपूर-पुण्यातच निघतो. म्हणजे पोरीला बाहेर राहावं लागेल, हे आजच मनाशी धरा. गावाकडेच राहायचं ठरलं तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक, होता येतं, किंवा ढोरांची प्रॅक्टिस करता करता कुत्र्या-मांजरांचंही बघता येतं. मला स्वतःला गावाकडे राहण्याचा हा रस्ता जास्त मोलाचा वाटतो. घोणस चावलेला कुत्रा, मे महिन्याच्या उन्हात कोसळलेला कुत्रा, लघवी तुंबलेला बोका, यांना नागपूरपर्यंत वेळ नसतो. बोक्याची लघवी दिवस-दोन दिवस अडली तरी रक्तात पोटॅशियम चढून हृदय बंद पडू शकतं. नळी घालून ती मोकळी करणारा हात जवळपास हवा.

हे काम तिच्या स्वभावाला झेपेल का, ते मात्र नीटच्या मार्कांवरून कळणार नाही. परीक्षा झाली की तिला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन काही दिवस बसू द्या. रक्त, घाण, ओरडणारं जनावर, रडणारा मालक हे तिला बघू द्या. मेलेल्या जनावरानंतर लगेच पुढचं तपासायला ती उभी राहते का, तेही तिचं तिलाच कळेल. फक्त कुत्र्यांना हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेतलीच पाहिजे. चावण्याआधी घ्यायचा कोर्स वेगळा असतो, तसं सांगून विचारा.

आणि ‘सहा महिन्यांत पशुवैद्यक’ अशा जाहिरातींना एक रुपया देऊ नका. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधरालाच प्रॅक्टिस करता येते. ते पैसे नीटच्या पुस्तकांना लावा. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणी), नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल यातलं जे तुम्हाला लागू असेल ते आत्ताच काढायला टाका. व्हॅलिडिटीला महिने लागतात.