उतारा कुणाचा?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जळगावच्या डाळमिलमध्ये एचआरला लागलास आणि पहिलंच काम अप्रेझलचं, म्हणजे कामगारांच्या वर्षभराच्या कामाला गुण देण्याचं, मिळालं, हे ऐकून बरं वाटलं. पाठवलेला फॉर्म पाहिला. हजेरी, शिस्त, उत्पादन, स्वभाव. प्रत्येकाला १ ते ५ गुण. फॉर्म वाईट नाही. पण सुपरवायझर तो मार्चमध्ये भरणार, आणि त्याला आठवणार फेब्रुवारी.

उत्पादनाच्या रकान्याशी मात्र थांब. उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, रोलवरच्या, म्हणजे साल काढणाऱ्या मशीनवरच्या माणसामुळे किती नि तुरीमुळे किती? तेल-पाणी दिलेली तूर नीट वाळली नाही तर साल सुटत नाही, चुणी (डाळीचा चुरा) आणि तुकडा वाढतो. मी तुझ्याएवढा असताना एका मिलमध्ये असाच एका रोलवाल्याला २ गुण दिले आणि त्याची वेतनवाढ थांबवली. पुढे लॉटचं रजिस्टर चाळलं तेव्हा दिसलं, त्याच्या पाळीला सगळा श्रावणातला, ढगाळ हवेत अर्धवट वाळलेला माल आला होता. तोवर तो बायको-पोरं घेऊन सुरतला गेला होता. ते आजही मनाला लागतं.

म्हणून एकाच लॉटवर, एकाच मशीनवर काम केलेल्यांचीच तुलना कर. लॉट वेगळे असतील तर ओल किती होती ते शेजारी लिही. लोडशेडिंगचे आणि मशीन बंद पडल्याचे तास वजा कर. हे रजिस्टरमध्ये असतंच, कुणी काढून बघत नाही.

सुपरवायझरला एक वही दे. बेल्ट तुटता तुटता कुणी मशीन थांबवलं, कुणी खडा निघालेला माल तसाच पुढे जाऊ दिला. त्याच दिवशी, तारखेसह दोन ओळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये अशाच ठळक प्रसंगांच्या नोंदींची पद्धत मांडली होती. शिवाय एडवर्ड थॉर्नडाइक या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९२० मध्येच दाखवलं होतं की एका गुणाची छाप पडली की वरिष्ठ बाकीचे गुणही त्याच रंगात बघतात. रामराम घालणारा पोरगा कामातही चांगला वाटतो, तो असा. वही हाताशी असली की हे बरंच आवरतं.

शेठ कदाचित म्हणतील, दहातला एक तरी खाली दाखवाच. नम्रपणे नाही म्हण. मायक्रोसॉफ्टनेही अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये सोडली, हे त्यांना सांग.

आणि गुण कळवताना माणसाला समोर बसव, वही उघडून दाखव, त्याचं म्हणणं त्याच पानावर लिही. रविवारी ये, गेल्या श्रावणातलं लॉटचं रजिस्टर सोबत आण. भरीत-कळण्याची भाकरी करायला सांगतो.

तुझा,
काका