प्लास्टिक फ्रेमच्या (सांगाड्याच्या) जमान्यात जुनी पोलादी पिस्तुलं लोकांना अजून का आवडतात?

मी चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड ७५ बद्दल सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. फ्रान्टिशेक कौत्स्की यांनी आखलेलं हे ९ मिमी पिस्तूल. रिकाम्याचंच वजन साधारण १ किलो, त्यामुळे झटका पोलादातच बराचसा जिरतो आणि दुसऱ्या गोळीला नेम फारसा हलत नाही. खरी करामत स्लाइडची, म्हणजे गोळी झाडल्यावर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची. बहुतेक पिस्तुलांत ती फ्रेमला बाहेरून धरून सरकते, इथे फ्रेमच्या आतल्या बाजूच्या खाचांतून. म्हणून स्लाइड बुटकी आणि नळी हाताच्या जवळ. (मागे खेचायला मात्र पकड कमी मिळते, घामेजल्या बोटांना ते लगेच कळतं.) मूठ तर अशी की बोटं आपसूक जागेवर बसतात. रोज कमरेला बाळगायला प्लास्टिक फ्रेमच बरी, पण नेमबाजीच्या रेंजवर मी पोलादच उचलेन.