वनजमिनीच्या बदल्यात जमीन

प्रश्न : दिंडोरीत आमचा कारखाना आहे. विस्तारासाठी लगतची चार हेक्टर वनजमीन हवी आहे. बदल्यात पेठ तालुक्यात तेवढीच जमीन घेऊन दिली, तर अदलाबदल होईल का? – वाचक, नाशिक

उत्तर : सरळ अदलाबदल होत नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार (२०२३ पासून नवे नाव) केंद्राच्या पूर्वमंजुरीने फक्त वापर बदलतो. वनाचा कायदेशीर दर्जा कायम राहतो. तुमची जमीन मात्र कायमची वनविभागाकडे जाते. शिवाय वनीकरणाचा खर्च आणि वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य (वन गेल्याने बुडणाऱ्या लाभांची पैशातली किंमत) भरावे लागते. अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ या वन-पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर करा. विस्तार वनाबाहेर का होत नाही, हे नकाशांसह पटवता आले पाहिजे. कारखान्यांचे प्रस्ताव बहुधा इथेच अडतात.

पर्यायी जमीन वनेतर, बोजामुक्त, वनीकरणयोग्य हवी. इसार देण्याआधी सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’ आणि जुने फेरफार वाचा. ‘खाजगी वन’ किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ ची (खाजगी वनावरील निर्बंधांची) नोंद असेल तर ती जमीन खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ लाच शासनाकडे गेलेली असू शकते. पेठेत आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर ती बिगर-आदिवासीने घेण्यासाठी महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी लागते. नुसते साठेखत (विक्रीचा करार) कामाचे नाही. तुम्हाला हव्या असलेल्या वनजमिनीवरचे वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली निघालेत का, तेही पाहा.