राजकीय वादात आकडे बरोबर असूनही समोरच्याचंच लोकांना का पटतं?

कारण ऐकणारा आकडा तोलण्याआधी प्रश्नाची मांडणी स्वीकारतो, आणि ती मांडणी बहुधा गमावण्याच्या भीतीवर उभी असते. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा: कल्पना करा, साथीत ६०० जणांचा जीव धोक्यात आहे. ‘२०० जण नक्की वाचतील’ ही योजना ७२ टक्के लोकांनी निवडली. तीच योजना दुसऱ्या गटाला ‘४०० जण मरतील’ अशी सांगितली, तेव्हा फक्त २२ टक्क्यांनी. बाकीच्यांनी ‘सगळे वाचतील किंवा कोणीच नाही’ असा जोखमीचा पर्याय घेतला.

वादात हेच घडतं. १९८०च्या अमेरिकी अध्यक्षीय वादात रेगन यांनी मतदारांना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांचा सगळा कारभार एका क्षणात घरखर्चाच्या मापाने मोजला गेला. म्हणून समोरच्याचा शब्द खोडायलासुद्धा उच्चारू नका, तो तुमच्याच तोंडून पक्का होतो. आधी नुकसान कोणाचं ते सांगा, मग आकडा, तोही एकच.

मात्र पक्की पक्षनिष्ठा असलेला श्रोता याने फारसा हलत नाही, आणि दोन्ही मांडण्या शेजारी-शेजारी ऐकल्या की परिणाम बराच ओसरतो.