नवी प्रणाली आणि जुनी नोंदवही

प्रश्न : आमच्या संस्थेत दोन विभाग एकत्र करून कामाच्या नोंदींसाठी नवी संगणकप्रणाली आणली आहे. निर्णय वरिष्ठांचा असला, तरी तो राबवण्याची जबाबदारी विभागप्रमुख म्हणून माझ्यावर आहे. बैठकीत सगळे माना डोलावतात. परंतु अनुभवी सहकारी जुनी नोंदवही चालूच ठेवतात आणि महत्त्वाचे काम तिच्यावरूनच करतात. हा विरोध कसा मोडून काढावा?

उत्तर : विरोध मोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि त्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून ती नोंदवही वाचा. एकच मजकूर दोनदा लिहिण्याची हौस कोणालाच नसते. कोणाचे काम कशामुळे अडले, कोणत्या प्रकरणात अपवाद केला, कोणता आकडा अजून पक्का व्हायचा आहे, अशा ज्या गोष्टींना नव्या प्रणालीत रकानाच नाही, त्या बहुधा तिथे सापडतील. तसे असेल तर ती उणिवांची यादी आहे. ती प्रणाली तयार करणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे हे तुमचे काम आहे.

वहीत वेगळे काहीच नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. ज्यांना विचारल्याशिवाय विभागात पान हलत नसे, त्यांना आज प्रशिक्षणात नवख्यांच्या रांगेत बसून कोणते बटण दाबायचे ते विचारावे लागते. पगार तोच, हुद्दा तोच. पण मान गेल्यासारखा वाटतो, आणि हे कोणी बैठकीत बोलून दाखवत नाही. अशा व्यक्तींकडे चाचणीची आणि इतरांना शिकवण्याची खरी जबाबदारी सोपवा. केवळ समितीत नाव घालून त्यांची समजूत घालायला जाल, तर ते त्यांच्या लगेच लक्षात येईल.

या संदर्भात लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही उपयोगी आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाची पद्धत वारंवार बदलावी लागे आणि प्रत्येक बदलानंतर उत्पादन घसरे. त्यांनी एका गटाला ठरलेला बदल नुसता समजावून सांगितला, दुसऱ्या गटाने निवडलेल्या प्रतिनिधींना आखणीत घेतले आणि आणखी दोन गटांतील सर्वच कामगारांना सहभागी करून घेतले. पहिल्या गटाचे उत्पादन सावरले नाही, कुरबुरी वाढल्या आणि पहिल्या चाळीस दिवसांत 17 टक्के कामगार काम सोडून गेले. सर्वांच्या सहभागाचे गट मात्र लवकर सावरले आणि पूर्वीच्याही पुढे गेले. मला अधिक बोलका वाटतो तो त्यानंतरचा भाग. पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना पुढे दुसऱ्या बदलाच्या वेळी सहभागी करून घेतले, तेव्हा तेही असेच पटकन सावरले. माणसे तीच होती, म्हणजे आडमुठेपणा त्यांच्या स्वभावात नव्हता.

मात्र त्या कारखान्यात बदल करावा की नाही, यावर मतदान झाले नव्हते. खर्च कमी करणे का आवश्यक आहे हे कामगारांना दाखवले गेले आणि तो कसा करावा यात त्यांना वाटा दिला गेला. तुम्हीही नेमके हेच वेगळे करून सांगा. विभाग एकत्र होणार आणि प्रणाली हीच राहणार, हे ठरलेले आहे. कामाची वाटणी, नोंदींचा क्रम आणि प्रशिक्षणाची वेळ अजून ठरायची आहे. ठरून गेलेल्या गोष्टीवर ‘तुमचे मत सांगा’ म्हणून बैठक बोलावली, तर पुढच्या बैठकीला पुन्हा माना डोलावणारेच मिळतील.

वरिष्ठांशीही स्पष्ट बोलून घ्या. सुरुवातीच्या काळात कामाचा वेग कमी होणारच. उद्दिष्टे जुनीच ठेवली, तर काम वेळेत उरकण्यासाठी लोक हमखास वहीकडे वळतील. तेव्हा त्या काळापुरते उद्दिष्ट कमी करून घ्या, सापडलेल्या उणिवा दूर करून घ्या आणि मगच वही बंद करण्याची तारीख सर्वांशी बोलून ठरवा. ती तारीख उगाच पुढे ढकलू नका आणि त्या दिवसापासून तुम्ही स्वतःही कोणाकडे वहीतला आकडा मागू नका. विभागप्रमुखच घाईच्या वेळी ‘जरा वहीत बघून सांगा’ म्हणतात, असे पुष्कळ ठिकाणी घडते.

प्रश्न : विभाग एकत्र झाल्यावर काहींच्या नोकऱ्या जातील का, असे सहकारी विचारतात. मलाच माहीत नसताना काय सांगावे?

उत्तर : माहीत नाही, असेच सांगावे, पण तेवढ्यावर थांबू नये. निर्णय कोण घेणार आहे, तो कधीपर्यंत अपेक्षित आहे आणि तुम्ही पुन्हा कोणत्या दिवशी माहिती द्याल, हेही सांगावे. ‘कोणालाही धक्का लागणार नाही’ हे आश्वासन देणे तुमच्या हाती नसेल, तर धीर देण्यासाठीसुद्धा ते देऊ नये. सांगितलेल्या दिवशी नवीन काही कळलेले नसले, तरी बैठक रद्द करू नये. ती रद्द झाली की तर्कवितर्क सुरू होतात आणि ते निस्तरण्यात आठवडा जातो.