टाकवत नाही आणि बघवतही नाही

घरातला पसारा हे कारण सांगून माझ्याकडे सहसा कुणी येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, मुलाशी पटत नाही, असं काहीतरी सांगत माणसं येतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बरंच आडवळण घेऊन, एखादी बाई खालच्या आवाजात म्हणते, "घर आवरायला घेतलं की हातपाय गळतात हो. टाकवत नाही, आणि बघवतही नाही." ही तक्रार इतक्यांची असते की एकीची हकीकत सविस्तर सांगतो. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

शोभाताई निवृत्त शिक्षिका, वय साठीच्या आसपास. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. पलंगाच्या अर्ध्या भागावर कपड्यांचे ढीग आणि उरलेल्या अर्ध्यात त्या झोपायच्या. जेवणाचं टेबल कागदांनी भरलेलं. कुणी भेटायला येतो म्हटलं की काहीतरी सबब सांगून टाळायच्या, नाहीतर दारातच उभ्याने बोलून वाटेला लावायच्या.

एकदा त्या बहिणीकडे गेल्या असताना मुलाने दोन मित्रांना घेऊन घर रिकामं केलं. हेतू चांगलाच होता. परत आल्यावर शोभाताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मागच्या खोलीला कुलूप लागलं, आणि वर्षभरात पसारा पहिल्यापेक्षा वाढला. मुलगा माझ्यासमोर म्हणाला, "पोतीच्या पोती काढली मी. तिला त्यातल्या एकाही वस्तूची आठवण आली नाही."

शोभाताई म्हणाल्या, "आली. तुला सांगितलं नाही."

जोरजबरदस्तीने केलेली सफाई का टिकत नाही, याचं उत्तर त्या चार शब्दांत आलं. वस्तू गेल्या, पण त्या सोडायचा निर्णय शोभाताईंनी घेतलेलाच नव्हता. उलट आता घरच्यांचा भरवसा वाटेना, म्हणून हाताला लागेल ते धरून ठेवणं सुरू झालं.

त्यांनी मला विचारलं, "मी आळशी आहे का?" मी नाही म्हटलं, आणि समजूत घालायची म्हणून म्हटलं नाही. आवरणं हे दिसायला हाताचं काम, पण दमतं ते डोकं. एक खण उपसला की शे-दीडशे निर्णय समोर येतात, आणि आपल्या वस्तूबद्दलचा निर्णय परक्या वस्तूइतका सोपा नसतो. डॅनिएल कानेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांचे 1990 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग यासाठी गाजलेले आहेत. काही जणांना साधे कॉफीचे मग दिले. ते विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती असा मग न मिळालेले लोक द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. तो मग हातात येऊन फार वेळ झाला नव्हता, तरी ही ओढ. मग वीस वर्षं घरात असलेल्या वस्तूचं काय सांगावं?

मुलाचा प्रश्न वेगळा होता. "हा आजार आहे का?" तोही रास्तच. वस्तूंचा अतिसंचय हा स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत आला, आणि 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आहे. पण पसारा दिसला की विकार, असं नाही. टाकताना होणारा त्रास किती, ओट्याचा, पलंगाचा, न्हाणीघराचा मूळ वापर थांबलाय का, पडण्याचा किंवा आगीचा धोका आहे का, हे सगळं बघावं लागतं. यासाठी एक फोटोंची पट्टी वापरतात. स्वयंपाकघर, बैठक आणि झोपायची खोली, प्रत्येकीचे वाढत्या पसाऱ्याचे नऊ फोटो. चौथ्या किंवा त्यापुढच्या फोटोशी घर जुळलं तर लक्ष द्यायला हवं, असा ढोबळ नियम. झोपायच्या खोलीसाठी शोभाताईंनी पाचव्यावर बोट ठेवलं, मुलाने सहाव्यावर. इतकं जवळपासचं उत्तर आलेलं पाहून दोघांनाही नवल वाटलं. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदानाच्या निकषांत त्या बसत नव्हत्या. नवरा गेल्यापासूनचं दुःख मात्र आत साचलेलं होतं.

आता काम. शोभाताईंजवळ बसणार कोण, हे आधी ठरवायचं होतं. मुलगा तयार होता, पण मी नको म्हटलं. त्याच्या हातात पिशवी दिसली तरी त्यांच्या छातीत धडधडायचं. शेवटी त्यांनीच नणंदेचं नाव काढलं. वन्सं थोरल्या, शांत, आणि मुख्य म्हणजे नको तिथे सल्ला न देणाऱ्या. त्यांना मी मोजक्याच अटी घातल्या. वस्तूला हात लावायचा नाही. "हे कशाला हवंय?" असं विचारायचं नाही. विचारायचंच तर "वहिनी, हे कुठे ठेवायचं?" आणि "हे शेवटचं कधी लागलं होतं?" एवढंच. वीस मिनिटांचा गजर लावायचा, आणि तो वाजला की मनात असो-नसो, थांबायचं.

सुरुवात कुठून, यावर थोडी ओढाताण झाली. शोभाताईंना थेट यजमानांच्या कपाटाला हात घालायचा होता, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे म्हणून. मी ते कपाट यादीत सगळ्यात शेवटी टाकलं. ज्या वस्तूंमध्ये जीव अडकलेला नाही तिथे निर्णयाची सवय होऊ द्यावी, मग अवघड जागी जावं. म्हणून टीव्हीखालचा ड्रॉवर.

त्यात निघालं ते असं: एक दांडी तुटलेले दोन चष्मे, घरात आता नसलेल्या मिक्सरची माहितीपुस्तिका, वाळून खडखडीत झालेली पेनं, मुदत उलटलेल्या गोळ्यांची पाकिटं, आणि सुतळीत ओवलेला चाव्यांचा भलामोठा जुडगा. पेनं आणि माहितीपुस्तिका लगेच गेल्या. गोळ्या औषधांच्या दुकानात विचारून मग टाकायच्या म्हणून वेगळ्या काढल्या. चाव्यांपाशी गाडी अडली.

"या कुठे ठेवायच्या?"

"असू देत. लागतील."

वन्सं गप्प राहिल्या. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम ते होतं. थोड्या वेळाने शोभाताई आपणहून उठल्या आणि जुडगा घेऊन घरभर फिरल्या. प्रत्येक कुलपाला, कपाटाला, ट्रंकेला एकेक चावी लावून पाहिली. दोन लागल्या. त्या दोघींना त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या, उरलेल्या भंगाराच्या डब्यात. गजर कधीच वाजून गेला होता आणि अर्धा ड्रॉवर तसाच होता.

संध्याकाळी फोनवर मुलगा म्हणाला, "एवढ्या वेळात नुसत्या चाव्या?" त्याला ते नुकसान वाटलं. मला त्यात पुढची सगळी वाट दिसली, कारण "लागेल" या भीतीची शहानिशा त्यांनी स्वतः केली होती. अशी शहानिशा दुसऱ्याने करून दिलेली चालत नाही.

प्रोत्साहन द्यायचं म्हणजे काय, यात घरोघरी गफलत होते. "वा, आज चार पिशव्या गेल्या!" ही शाबासकी ऐकायला गोड, पण ती पिशव्यांना मिळते. मग माणूस शाबासकीसाठी भराभर टाकतो, रात्री तळमळतो आणि पहाटे कचऱ्याची पिशवी उलटी करून बसतो. "अजून केवढं राहिलंय" हे तर कुणी बोलूच नये. कौतुक करायचं ते ठरवण्याचं. अमुक वस्तू ठेवायची असं नीट विचार करून ठरवलं, तरी तेही काम झालंच. वन्सं म्हणायच्या, "ठरलं ना? झालं तर मग." कौतुकाचं याहून नेमकं वाक्य मला सुचत नाही. आधीचे-नंतरचे फोटो नातेवाइकांना पाठवण्याची सध्या हौस आहे. आवरणाऱ्यानेच पाठवले तर ठीक, पण घरातल्या दुसऱ्या कुणी 'आधीचा' फोटो फिरवला तर ती चक्क नाचक्की आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. जायचं ते त्याच दिवशी घराबाहेर जायला हवं, कारण दाराशी राहिलेली पिशवी परत उघडली जाते. आणि ठरतच नसेल ते खोक्यात घालून वर सहा महिन्यांनंतरची तारीख टाकावी.

यजमानांच्या कपाटापाशी पोचायला बरेच महिने लागले. तिथे फोटोंचा उपयोग झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना, आठवणीच्या वस्तूंचा फोटो काढून ठेवा आणि मग वस्तू दान करा, असं सुचवलं होतं. तिथे नेहमीच्या आवाहनापेक्षा जास्त वस्तू जमा झाल्या. शोभाताईंनी शर्ट एकेक करून पलंगावर पसरले, फोटो काढले, आणि वन्संना प्रत्येकाची गोष्ट सांगितली. वन्संचाही तो भाऊच. त्या दिवशी गजर लावलाच नव्हता. तीन शर्ट राहिले, बाकीचे दिले. दुसऱ्या दिवशी एक परत मागावासा वाटला म्हणून त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, मागा की. त्यांनी मागितला आणि तो मिळाला. त्यात बिघडलं काहीच नाही.

वन्सं आपल्या घरी परतल्यावर काय, हा प्रश्न होताच. त्यावर दोघींनी फोनचा तोडगा काढला. ठरल्या वेळी फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा आणि दोघींनी आपापल्या घरी एकेक कप्पा घ्यायचा. बोलणं झालंच पाहिजे असं नाही. पलीकडे कुणीतरी तेच करतंय एवढं पुरतं. मध्ये शोभाताईंचा गुडघा दुखावला तेव्हा टेबल पुन्हा भरलं. तेव्हा त्यांनी पसाऱ्यावर पांघरूण न घालता वन्संना सरळ सांगितलं, आणि मला हे रिकाम्या टेबलाहून मोठं वाटतं.

ज्यांना असं कुणी नाही, ते विचारतात, आम्ही काय करायचं? जवळचंच माणूस हवं असं अजिबात नाही. उलट रोज ओरडणारं जवळचं माणूस या कामाला निकामी. जुनी सहकारी चालेल, शेजारीण चालेल. तिच्याही घरात एखादा न उघडलेला खण असतोच. तिला आपलं घर दाखवायची सक्ती नाही, फोनवरच सुरू करा. मात्र टाकायच्या नुसत्या विचाराने घाबरगुंडी उडत असेल, वाटेत अडखळून पडायची वेळ येत असेल किंवा शेगडीजवळ कागदांचे ढीग असतील, तर आधी तज्ज्ञांची वेळ घ्या आणि मैत्रिणीला तिथे सोबत न्या.