बार्बाडोसला निवांत जायचंय : वाचकांचे प्रश्न

२९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर. कॅरिबियनमधल्या त्याच बार्बाडोस बेटावर समुद्रकाठच्या सुट्टीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांची ही काही पत्रं आणि त्यांना उत्तरं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको साठीच्या पुढचे, नाशिकला राहतो. समुद्रकाठी आठ-दहा दिवस नुसतं निवांत राहायचं आहे. एजंट बार्बाडोस, सेंट लुशिया आणि ग्रेनाडा अशी तीन बेटं एकत्र सुचवतो आहे. जावं का? आणि कोणत्या महिन्यात?

उत्तर : तीन बेटं नकोत. यातलं प्रत्येक बेट हा वेगळा देश आहे. दर खेपेला सामान बांधा, विमानतळ गाठा, इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहा, आणि बेटांमधल्या लहान विमानांची सामानाची मर्यादाही कमी. एका बदलात अख्खा दिवस जातो. मुंबई ते लंडन नऊ तासांच्या वर आणि तिथून ब्रिजटाउन साडेआठच्या आसपास, मधला थांबा वेगळाच. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असल्याने पहिले दोन-तीन दिवस मध्यरात्रीनंतर लगेच जाग येईल. म्हणून एकाच बेटावर, एकाच खोलीत किमान आठ रात्री राहा आणि पहिले दोन दिवस कोरे ठेवा. बार्बाडोस जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद आहे. जे पाहायचं ते मुक्काम न हलवता पाहून होतं.

महिना निवडताना तीन गोष्टी बघायच्या: पाऊस, दर आणि शेवाळ. डिसेंबर ते मे कोरडा काळ. त्यात नाताळ ते फेब्रुवारीअखेर दर सर्वांत चढे, एप्रिलच्या मध्यानंतर उतरतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, आणि त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोराचा. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या रांगेपासून पूर्वेला सुटं असल्याने वादळाचा थेट तडाखा कमी वेळा बसतो, पण जुलै २०२४ मध्ये बेरिल हे चक्रीवादळ दक्षिणेकडून गेलं तरी मासेमारीच्या बोटींची दैना झाली. जून ते नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर प्रवास विमा तिकिटासोबतच घ्या. वादळाला नाव दिलं गेल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई मिळत नाही.

तिसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. २०११ पासून सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ वसंत आणि उन्हाळ्यात किनाऱ्यांवर येऊन साचतं. कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला त्याचा त्रास जास्त, पश्चिमेला बराच कमी.

तुमच्यासाठी आमचा सल्ला असा: एप्रिलअखेर ते मेअखेर जा आणि पश्चिमेला होलटाउन किंवा स्पाइट्सटाउनजवळ राहा. पाणी संथ, सूर्यास्त समोर. हिवाळ्यात गेलात तर दक्षिणेला हेस्टिंग्ज-वर्दिंगचा पट्टा स्वस्त पडतो. दुकानं हाताशी, आणि हेस्टिंग्ज ते रॉकली समुद्राला लागून चालायला सपाट फळ्यांची वाट आहे. त्याच किनाऱ्यावरच्या सेंट लॉरेन्स गॅपमध्ये रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं, तिथे खोली घेऊ नका. बुकिंगआधी हॉटेलला लेखी विचारा: लिफ्ट आहे का, हॉटेल आणि वाळू यांच्यामध्ये मोठा रस्ता येतो का, सांगितलेल्या दरात कर आणि सेवाशुल्क धरलं आहे का. पश्चिम किनाऱ्याचा हमरस्ता समुद्राला चिकटून जातो, त्यामुळे दुसरा प्रश्न गाळू नका.

प्रश्न : बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही असं वाचलं. मग काहीच कागद लागत नाहीत का?

उत्तर : पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हे खरं. अडतं ते वाटेत. लंडनमध्ये विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टवर डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते. पण हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल, किंवा दोन वेगळी तिकिटं असून लंडनला सामान स्वतः उचलावं लागणार असेल, तर तुम्ही ब्रिटनच्या हद्दीत शिरता. तिथे एअरसाइड व्हिसा चालत नाही, वेगळा लागतो. हा कागद नसला तर मुंबईच्या काउंटरवरच बोर्डिंग पास नाकारला जातो. म्हणून संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या आणि दोन्ही विमानं एकाच विमानतळावरून आहेत ना, ते पैसे भरण्याआधी बघा. अमेरिकेमार्गे जायचं तर तिथला व्हिसा हवाच, नुसतं विमान बदलायचं असलं तरी.

परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापून जवळ ठेवा. बार्बाडोसचा ऑनलाइन आगमन फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत, तिथून सगळ्यांनी आठवडाभर बार्बाडोसला जायचा विचार आहे.

उत्तर : आधी मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का तपासा. नोकरीची मंजुरी पुढे वाढलेली असते, पण शिक्क्याची मुदत संपलेली असते, असं बऱ्याच घरांत आढळतं. संपलेल्या शिक्क्यावर अमेरिकेत परत येण्याची सवलत एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. शिक्का वैध नसेल तर मुलगा बेटावर अडकेल. तुमचा बी-टू, म्हणजे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा, अनेक प्रवेशांचा आणि परतीच्या तारखेला वैध असावा. परतल्यावर किती दिवस राहू द्यायचं ते तिथला अधिकारी ठरवतो, त्यामुळे मुक्काम वाढवून मिळेल या भरवशावर ही सहल आखू नका.

प्रश्न : एवढ्या लांब जातोच आहोत तर त्रिनिदादलाही दोन दिवस जावं का?

उत्तर : भारतीय वंशाच्या लोकांचं त्रिनिदाद बघण्यासारखं आहेच, पण त्यासाठी पिवळ्या तापाची लस आधी घ्यावी लागेल. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद पिवळ्या तापाचा प्रदेश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. साठीच्या पुढच्या लोकांत या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. केवळ दोन दिवसांसाठी हा खटाटोप करावा असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : आम्हा चौघींना पोहता येत नाही. समुद्रात उतरायला सुरक्षित जागा कोणती?

उत्तर : ब्रिजटाउनजवळची कार्लाइल बे. तिथले पेबल्स आणि ब्राउन्स हे किनारे रुंद आहेत आणि पाणी शांत असतं. सकाळी लवकर, बोटींची वर्दळ सुरू होण्याआधी जा. पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नका.

हवा भरलेली ट्यूब किंवा गादी घेऊन पश्चिम किनाऱ्यावर उतरू नका. इथला कायमचा वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पाणी आरशासारखं दिसतं, आणि ट्यूब मात्र बघता बघता आत जाते. त्यापेक्षा अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट घ्या. डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तरेकडून मोठ्या लाटा आल्या तर पश्चिमेचं पाणीही काही दिवस खवळतं. लाल बावटा दिसला तर उतरायचं नाही.

पूर्वेचं बाथशेबा बघायला जरूर जा, पण तिथे अटलांटिकची ओढ जबरदस्त आहे. ओहोटीला खडकांमधल्या उथळ डोहांत बसावं, पोहायला मात्र जाऊ नये. कासवं दाखवणाऱ्या बोटी कार्लाइल बेमध्ये नेतात. कासवांना हात लावू नका, खाऊ घालू नका.

किनाऱ्यावरच्या मॅन्शिनील झाडापासून लांब राहा. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि अतिशय विषारी असतं. चिकाने कातडीवर फोड येतात, म्हणून पावसात या झाडाखाली आडोशाला उभं राहायचं नाही. बऱ्याच खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळ्यांवर असेलच असं नाही.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

उत्तर : विचारून खाल्लं तर नाही. बटाटा-चण्याची रोटी मिळते, मॅकरोनी पाय (pie), म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, असतो, तळलेली पिकली केळी आणि कोकणात ओळखीचा असलेला नीरफणस असतो. 'राइस अँड पीज' म्हणजे बहुधा तुरीच्या दाण्यांचा भात. त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत असल्याने प्रत्येक वेळी विचारा. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी, पण वर माशाचा रस्सा येतो. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर प्रश्नच मिटतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

प्रश्न : पैसे कोणते न्यावेत? गाडी भाड्याने घ्यावी का?

उत्तर : अमेरिकन डॉलर न्या, लहान नोटांत. दोन बार्बाडियन डॉलर म्हणजे एक अमेरिकन, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. दोन्ही चलनं चालतात, म्हणून भाव ऐकला की 'कोणता डॉलर?' हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं आणि चलन दोन्ही ठरवा. बसचं भाडं कितीही अंतराला साडेतीन बार्बाडियन डॉलर. निळ्या सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, पिवळ्या मिनीबसमध्ये आणि पांढऱ्या व्हॅनमध्ये मिळतात. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण आतले रस्ते अरुंद आहेत. एका दिवसापुरती पूर्व किनाऱ्यासाठी घ्यावी, बाकी दिवस बस पुरते.

प्रश्न : सामानात काय विसरू नये?

उत्तर : पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. बेट साधारण चेन्नईच्याच अक्षांशावर आहे, पण वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ भाजलेली कळते. तिथे वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकन चपट्या पायांचा असतो. चार्जर चालतात, पण आपली २३० व्होल्टची पाणी तापवायची कांडी नीट तापणार नाही. लष्करी छापाचे कपडे, टोपी किंवा पिशवी नेऊ नका. नागरिकांनी ते वापरणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनाही त्यात सूट नाही.